स्वयंपाकघराचा नळ

दादा,

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी तुझ्याबद्दल बोलत नाही, तुझ्याशी बोलतो आहे. तेवढी सूट मला असावी.

तेराव्याला आलेले सगळे तुझं कौतुक करत होते. काय हुन्नरी माणूस, घरात कधी प्लंबर शिरू दिला नाही, मोटर बिघडो की गिझर, सगळं स्वतःच्या हाताने. मी पंगतीत भात वाढत होतो आणि दात आवळत होतो. तुझ्या हुन्नराने घरातल्या बाकीच्यांचे हात कसे लुळे करून ठेवले ते कुणालाच दिसलं नव्हतं. वहिनींना स्वतःच्या घराचा फ्यूज कुठे आहे ते ठाऊक नाही. आईला नळ गळताना दिसला तरी ती खाली वाटी ठेवून तुझी वाट बघायची. आणि मी पाना हातात घेतला की तू तो काढून घ्यायचास. "साहेब, तुम्ही पेन धरा. हे आमचं काम." तलासरीच्या कचेरीत मला लोक साहेब म्हणतात तेव्हा अजूनही तुझा आवाज ऐकू येतो आणि मान आपोआप वळते.

सगळ्यात वाईट ते तुझं मशीन. आपल्या बोअरचं पाणी जड. साबणाला फेस नाही, बादलीला पांढरी पुटं, केस धुतले की काथ्यासारखे. तू वापीच्या कंपनीत बॉयलरवर होतास, तिथे पाणी हलकं करायची विद्या शिकलास आणि भंगारात निघालेली एक फायबरची उभी टाकी टेम्पोत घालून बोर्डीला आणलीस. आत रेझिनचे दाणे भरलेस, राजगिऱ्यासारखे बारीक, मधाच्या रंगाचे. पाण्यातला चुना ते दाणे धरून ठेवतात. आठवडाभरात त्यांचं पोट भरतं, मग त्यांना मिठाचं पाणी पाजायचं की ते चुना सोडून देतात आणि पुन्हा कामाला लागतात. हे सगळं मला तू सांगितलं नाहीस. परवा मोबाइलवर बघून कळलं.

तू मात्र दर रविवारी मोरीमागच्या त्या पडवीत देव पूजावा तसा बसायचास. निळ्या ड्रममध्ये खडे मीठ विरघळवायचं, मशीनच्या डोक्यावरचा दांडा एकेका खाचेत फिरवायचा, आणि शेवटी बाहेर जाणाऱ्या नळीखाली बोट धरून ते जिभेला लावायचं. खारटपणा गेला की दांडा जागेवर. मग औषधाची छोटी बाटली, त्यात मशीनचं पाणी, दोन थेंब साबण, आणि कानाशी धरून खुळखुळा हलवावा तशी हलवायची. फेस उभा राहिला की तुझा चेहरा बघावा! मी एकदा म्हटलं, "मला शिकव, तू कधी गावाला गेलास तर?" तू म्हणालास, "मी कुठे जातो?"

आता सांग.

तुझ्या मशीनने माझी लिची मारली, तो वाद तर राहूनच गेला. पोरीच्या जन्माला मी ते कलम लावलं होतं, माझ्या वाटणीच्या तुकड्यात, पण तुझ्या पडवीपासून चार हातांवर. मशीनचं खारं पाणी तू नळीने तिच्याशेजारच्या माडाच्या आळ्यात सोडायचास. आपल्याकडे माडाच्या बुंध्याशी मीठ घालायची जुनी रीत आहेच, तुला ती सोयीची पडली. "माडाला मीठ चालतं. बघ कसे नारळ धरलेत." माडाला चालतं रे, लिचीला नाही चालत. तिच्या पानांची टोकं आधी तांबूस झाली, मग बिडीने भाजल्यासारखी करपली. मी तुला पान आणून दाखवलं. तू ते उलटंसुलटं केलंस आणि म्हणालास, "वारा लागलाय. खारा वारा. समुद्राला नोटीस पाठव, साहेब." वहिनी हसल्या. आईसुद्धा हसली. मी हसलो नाही.

त्यामुळे आई गेली त्या वेळी माझ्या मनात तुझ्याविरुद्ध आधीच रचून ठेवलेलं सरपण होतं, हे मी मान्य करतो.

आईचं बीपी जुनं. शेवटच्या वर्षात पाय सुजायचे, डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलं. लोणचं गेलं, पापड गेला, सुकी मासळी गेली. ती अळणी भाजी खायची आणि मुकाट्याने ताट सरकवायची. आणि मी तलासरीत बसून मोबाइलवर वाचलं की सॉफ्टनरच्या, म्हणजे तुझ्या असल्या मशीनच्या, पाण्यात चुन्याच्या बदली मिठाचा अंश उतरतो, बीपीच्या माणसाने ते पिऊ नये. वाचलं तेव्हा आई जाऊन आठवडा झाला होता. मला तर जणू कागदावर सही-शिक्क्यानिशी खुनी सापडला. तिच्या तेराव्याला, भरल्या मांडवात, वरोरचे मामा आणि सगळे पाहुणे बसलेले असताना मी तुला म्हणालो, "डॉक्टर मीठ तोडत होते आणि तू तिला घोटाघोटाने मीठ पाजलंस. तुझ्या मशीनपायी आई गेली."

तू पत्रावळी पुसत होतास. वर बघितलंस. मला वाटलं आता उठशील, कानाखाली देशील. तू म्हणालास, "जेवलास का?"

मी जेवलो नाही. गाडीला किक मारली आणि तलासरीला आलो. त्यानंतर तुझं-माझं बोलणं म्हणजे बँकेतल्या माणसांसारखं. सातबारावर सही हवी आहे. चिकूचा व्यापारी येतो आहे. हो. बरं. मी सणाला यायचो, जेवायचो, निघायचो. तुझ्या घरात मी पाणी पीत नव्हतो, स्वतःची बाटली आणायचो आणि ती तुझ्यासमोर टेबलावर ठेवायचो. तुला दिसावी म्हणून. जेवताना वहिनींना एवढंच म्हणायचो, जे आई असतानाही म्हणायचो, "वहिनी, डाळ शिजली नाही हो." त्या वाक्याला तू प्रत्येक वेळी मान वर करायचास. मला वाटायचं, बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवलेली तुला आवडत नाहीत.

मग तू गेलास. तुला मूलबाळ नाही, म्हणून अग्नी मी दिला. आपल्याच वाडीतली लाकडं होती. मला रडू आलं नाही. माणसं मला धरायला आली, मी धरून घेतलं, कारण तसं दिसायला हवं होतं.

दहाव्याला किनाऱ्यावरचा विधी आटपून घरी आलो. मुंडण झालेलं. आंघोळीला बसलो आणि तुळतुळीत डोक्याला साबण चोळतो आहे तर फेस येईना. नुसता चिकट थर, खोबरेल थिजल्यासारखा. घर पाहुण्यांनी भरलेलं, सगळ्यांच्या आंघोळी, तुझ्या मशीनचं पोट केव्हाच भरलं होतं. वहिनी दाराबाहेरून म्हणाल्या, "भाऊजी, मी मीठ टाकलं हो ड्रममध्ये. ह्यांच्यासारखंच टाकलं. मशीन घेतच नाही."

तुला सांगतो, मला आनंद झाला. डोक्यावर ते ओशट पांढरं तसंच असताना झाला. तू गेल्यावर घेतला नसेल इतका मोकळा श्वास मी घेतला. मेलं एकदाचं, म्हटलं. वहिनींना म्हणालो, "उद्या काढून टाकतो. भंगारवाल्याला देऊ."

वहिनी बाहेरून दाराची कडी नुसती खालीवर करत राहिल्या. मग म्हणाल्या, "काढण्याआधी एकदा बघा तरी. ह्यांचं एवढंच राहिलंय चालू."

म्हणून मी बघायला बसलो. मशीनसाठी नाही, त्या कडीच्या आवाजासाठी.

तुझी हत्यारांची पेटी उघडताना मागे वळून बघितलं, खरं सांगतो. मोबाइल भिंतीला टेकवून ठेवला, त्यात कुणी एक पोरगा हिंदीत समजावत होता. दांडा मीठ ओढायच्या खाचेत लावला. ड्रममधलं पाणी बोटभरही खाली जाईना. पोरगा म्हणाला, मीठ ओढणारं नोझल बघा. खोललं. आत तांदळाच्या कणीएवढं भोक, आणि त्यात चिखल. आपलं मिठागरावरचं मीठ, त्यात माती असायचीच. तू ते पाणी आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायचास. फडकं पडवीच्या खुंटीवर अजून होतं, वाळून कडक झालेलं. ते कशासाठी आहे हे वहिनींना तू कधी सांगितलंच नव्हतंस. सांगशील कशाला?

मी सुई घेतली. भोकापर्यंत नेली आणि हात थांबला. लहानपणी स्टोव्हला मी सुई घातली होती तेव्हा तू टपली मारली होतीस. "डोबा! भोक मोठं होईल. हीर घे माडाची." बाहेर जाऊन झावळीतली हीर काढली, बारीक तासली आणि चिखल काढला. एवढं तू मला शिकवलंस. टपली मारून का होईना.

जोडायच्या आधी मशीनकडे जाणारा कॉक पक्का बसतो का ते बघायला मी तो बंद केला आणि वहिनींना मोटर थोडी लावायला सांगितली. कॉक बंद, मशीन उघडं पडलेलं, पाण्याला वर जायला वाट नाही. तरी गच्चीवर पाणी पडायचा आवाज येत होता.

मी वर गेलो. मशीनचं पाणी जिच्यात पडतं ती मोठी काळी टाकी गप्प होती. शेजारची छोटी पांढरी टाकी भरत होती. ती मी किती वर्षं बघतो आहे, पण ती कशाची हे कधी विचारलं नव्हतं. तिच्यात येणारा पाइप हाताने धरून मी खाली उतरलो, पडवीच्या छपराखालून, भिंतीच्या कोपऱ्याने. मशीनच्या अलीकडेच, बोअरच्या पाइपातून त्याला फाटा फोडलेला होता. टाकीतून निघालेला दुसरा पाइप धरला. तो भिंतीतून आत गेला तिथे पलीकडे काय आहे ते बघायला मी घरात शिरलो. पलीकडे स्वयंपाकघराचा नळ होता.

आईचं पिण्याचं पाणी तुझ्या मशीनमधून कधी गेलंच नव्हतं.

मी ती औषधाची बाटली घेतली. स्वयंपाकघरातलं पाणी, दोन थेंब साबण. कानाशी धरून हलवलं. फेस नाही. दुधात लिंबू पडल्यासारखं पांढरं फाटलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

माणूस किती हलकट असतो बघ. पहिला विचार काय आला, तर, माझं बोलणं झाल्यावर तू हा फाटा काढला असशील. पाप झाकायला. मी वहिनींना तसं विचारलंही. "हा पाइप कधीचा? आई गेल्यानंतरचा ना?"

वहिनी तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "पहिल्या दिवसापासूनचा. आईंचं बीपी होतं ना, आधी स्वयंपाकघर वेगळं केलं, मग मशीन जोडलं. आणि भाऊजी, तुम्हीच नाही का म्हणत होता, आई होत्या तेव्हापासून? वहिनी, डाळ शिजली नाही. जड पाण्यात कशी शिजेल?"

डाळ, रे. तुझी निर्दोष सुटका माझ्या ताटात वाढलेली होती आणि मी तिची चेष्टा करत होतो, दर सणाला, तुझ्यासमोर. तांब्याला आतून चढलेलं पांढरं पूट मी बघितलं होतं आणि मनात म्हटलं होतं, वहिनी नीट घासत नाहीत. तू मान वर करायचास ते आठवलं. तू वाट बघत होतास. आता कळेल याला, आता कळेल.

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगू नको म्हणाले."

"पण का?"

"ते तुम्ही त्यांना विचारायचं होतंत," वहिनी म्हणाल्या आणि सूप घेऊन तांदूळ पाखडायला बाहेर गेल्या.

त्या रागात मी मशीन जोडलं. जोडताना तुला शिव्या दिल्या, मराठीतल्या संपल्या तेव्हा तू वापीहून आणलेल्या गुजरातीतल्या दिल्या. तुझं एक वाक्य पुरलं असतं. 'वर जाऊन टाकी बघ.' तू म्हणालास, जेवलास का. हे मोठेपण नाही, दादा. ही मग्रुरी आहे. तू मला चुकीचा ठेवलास, मला चुकीचं राहू दिलंस आणि आता न सांगता निघून गेलास, म्हणजे मी माफी मागायची तर भिंतीकडे तोंड करून मागायची.

तरी ठरवलं, ज्या माणसांसमोर बोललो त्यांच्यासमोरच परत घ्यायचं. तुझ्या तेराव्याला तेच सगळे येणार होते. पंगत उठली, तसा मी उभा राहिलो. म्हटलं, "आईच्या तेराव्याला मी दादाला जे बोललो ते खोटं होतं. आईला तो मशीनचं पाणी देतच नव्हता. या, दाखवतो." आणि मी सगळ्यांना पडवीकडे घेऊन निघालो, गुन्हेगार पंचनाम्याला जागा दाखवतो तसा.

कुणी उठलं नाही. वरोरचे मामा सुपारी कातरत होते. म्हणाले, "बस रे. आम्हाला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"पाइप. तू गाडी काढून गेलास ना, त्याच दुपारी तुझ्या भावाने आम्हाला सगळ्यांना गच्चीवर नेलं. माझे गुडघे दुखतात तरी चढवलंन मला. टाकी दाखवली, फाटा दाखवला. आम्ही म्हटलं, धाकट्याला बोलावून दाखव. तर म्हणाला, नाही. माझ्यावर आळ घेतलाय, त्याने स्वतः येऊन बघावं. पाइप काय जमिनीत पुरलेला नाही."

"आणि तुम्ही कुणीच..."

"वाटलं, येशील आठवड्यात. मग वाटलं, महिन्यात. मग राहून गेलं." मामांनी सुपारी तोंडात टाकली. "एका मिनिटाचं काम होतं रे."

म्हणजे इतकी वर्षं या घरात मीच एकटा येडा होतो. लग्नाकार्यात हे लोक माझ्याकडे बघून गप्प व्हायचे, मला वाटायचं आईच्या दुःखाचा मान राखतात. मी पाण्याची बाटली टेबलावर ठेवायचो तेव्हा घरातला प्रत्येक माणूस मनात म्हणत असेल, अरे, वर जाऊन बघ. जिना तुझ्या पाठीमागे आहे.

धाकट्या डहाणूच्या खाडीत तू मला पोहायला शिकवलंस ते आठवतं? शिकवलंस कसलं, ढकललंस. मी गटांगळ्या खात होतो आणि तू काठावर हाताची घडी घालून उभा. कोळणी ओरडत होत्या, "अरे पोर मरेल!" तू म्हणालास, "येईल तो." मी आलो. नाकातोंडात चिखल भरून आलो, पण आलो, आणि तेव्हापासून मला पाण्याची भीती वाटली नाही. त्याबद्दल तुझे आभार मी कधी मानले नाहीत. आईसाठी आधी वेगळा पाइप टाकलास आणि मगच मशीन लावलंस, त्याबद्दलही नाही. मी तिच्यासाठी काय केलं? मोबाइलवर वाचलं.

पण दादा, मी आता पोरगा नाही आणि ती खाडीही नव्हती. तू पुन्हा तेच केलंस. ढकललंस आणि काठावर उभा राहिलास. या वेळी मी बुडतो आहे हे मलाच कळत नव्हतं. तू एक पाऊल पुढे यायला हवं होतंस. मी शंभर यायला हवी होती, ते मी नाकारत नाही. पण तुझं एक होतं, आणि ते तू टाकलं नाहीस, यासाठी मी तुला माफ करणार नाही. मी बोललो ते तूही माफ करू नकोस. हिशेब तसाच राहू दे, आपल्याला तीच सवय आहे.

मागच्या रविवारी तलासरीहून आलो. मीठ लुगड्याच्या फडक्यातून गाळलं आणि वहिनींना शेजारी बसवून सगळं दाखवलं. दांड्याच्या चारही खाचा, कुठली कशाला. त्या म्हणत होत्या, "मला नाही जमायचं." पाना मी त्यांच्याच हातात ठेवला. नळीखाली बोट त्यांनी धरलं आणि जिभेला लावलं. "अजून खारट आहे," म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा लावलं. "आता गेलं." दांडा त्यांनीच फिरवला. बाटलीत फेस उभा राहिला तेव्हा त्यांनी ती कानाशी जरा जास्तच वेळ हलवली.

आणि नळी मी माडाच्या आळ्यातून काढून लांब कुंपणापलीकडच्या ओहोळात सोडली. लिचीच्या बाबतीत मीच बरोबर होतो. बुंधा नखाने खरवडला तर आत अजून हिरवट आहे. फुटेल की नाही सांगता येत नाही. तुझा खारा वारा आहे तिथेच आहे, नळी नाही. आता कळेलच कोण खरं.

जेवायला बसलो. बाटली आणली नव्हती. वहिनींनी स्वयंपाकघराच्या नळाचं पाणी पेल्यात ओतून समोर ठेवलं, ते प्यालो. त्यांनी वरण वाढलं आणि वाटी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. घास घेतला. दाणे दाताखाली येत होते. त्या वाट बघत होत्या.

"वहिनी," मी म्हणालो, "डाळ शिजली नाही."

"नाहीच शिजायची," त्या म्हणाल्या आणि आणखी वाढली.

तुझ्या रिकाम्या पाटाकडे बघितलं. मान वर करायला कुणी नव्हतं.